वेंडेलने धुण्यात लक्ष घातलं

वेंडेल क्राउझ निवृत्त होऊन तीन आठवडे झाले होते आणि घरात तेल घालण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. दारांच्या बिजागऱ्या झाल्या, गॅरेजचं शटर झालं, गवत कापायचं यंत्र झालं. शेवटी त्याने नॉरीनच्या शिवणाच्या कात्रीलाही दोन थेंब सोडले. त्यामुळे तिच्या नव्या पडद्याच्या काठाला एक वाटोळा डाग पडला. कात्री त्या दिवसापासून तिच्या कपाटात राहायला गेली.

ओहायोतल्या एका जिल्ह्याच्या रस्ते खात्यात छत्तीस वर्षं मोजणीचं काम केलेला माणूस तो. तिपाईवर दुर्बीण लावून एक डोळा मिटला की कुठला रस्ता कुठे किती कलला आहे हे त्याला कळायचं, आणि मुख्य म्हणजे ते त्याला विचारायला लोक यायचे. आता कुणी येत नव्हतं. घरातला सगळ्यात मोठा कल स्वयंपाकघराच्या फरशीला होता. तो वेंडेलने दोनदा मोजला, नॉरीनला दोनदा सांगितला आणि दोन्ही वेळा तिने ‘असं का?’ म्हटलं.

नॉरीनच्या निवृत्तीला अजून दोन वर्षं होती. ती एका दंतवैद्याकडे स्वागताच्या टेबलाशी बसायची. त्यामुळे घरातली कामं रविवारी, आणि धुणंही रविवारीच. त्या रविवारी ती टोपली घेऊन तळघरात उतरली आणि तिच्यामागून, दुसरं काही करण्यासारखं नसल्याने, वेंडेलही उतरला. तिने मशीनमध्ये कपडे टाकले. वेंडेलने वाकून आत पाहिलं. मशीन निम्मं रिकामं होतं. उरलेले कपडे टोपलीत दुसऱ्या फेरीची वाट पाहत होते.

त्यानंतर वेंडेल जे म्हणाला त्यात एका शब्दाचीही चूक नव्हती, हे त्याने पुढे बऱ्याच जणांना पटवून द्यायचा प्रयत्न केला. तो एवढंच म्हणाला, “नॉरीन, नीट पद्धतीने केलं ना, तर हेच धुणं निम्म्या वेळात आणि निम्म्या पैशात होईल.”

नॉरीनने मशीनचं झाकण हळूच लावलं. मी रोज न चुकता दोनदा दात घासतो असं सांगणाऱ्या रोग्याकडे ती जशी बघायची, तसं तिने नवऱ्याकडे पाहिलं.

“मग तूच कर,” ती म्हणाली आणि वर निघून गेली.

तिच्या आवाजात राग नव्हता. वेंडेलला तर ही बढती वाटली.

सोमवारी सकाळी त्याने एक वही घेतली आणि तिच्यात रकाने आखले : कपड्यांचं वजन, पाणी, मिनिटं, वीज. मग कपड्यांचे ढीग केले. रंगाप्रमाणे, जाडीप्रमाणे आणि मळाच्या प्रकाराप्रमाणे असे सात ढीग झाले. एक मोजा कुठल्याच ढिगात बसेना. त्याचा आठवा. प्रत्येक कपड्याच्या कॉलरमागची चिठ्ठी त्याने भिंगातून वाचली. या चिठ्ठ्यांवर त्रिकोण, चौकोन, चौकोनात वर्तुळ, वर्तुळात एक टिंब आणि वर फुली अशा खुणा असतात. रस्त्यावरच्या पाट्या अशा लावल्या असत्या तर जिल्ह्यात रोज अपघात झाले असते, असं त्याचं स्पष्ट मत पडलं. वजनासाठी तो टोपली घेऊन न्हाणीघरातल्या काट्यावर उभा राहिला, मग टोपली खाली ठेवून नुसता उभा राहिला आणि वजाबाकी केली. टोपलीचं वजन अपेक्षेइतकंच निघालं. स्वतःचं निघालं नाही. ते त्याने वहीत लिहिलं नाही.

पहिल्याच फेरीत त्याने मशीन गच्च भरलं. जीन्स, जाड शर्ट आणि न्हाणीघरात अंथरायचा भलामोठा रग. पहिली वीस मिनिटं वेंडेल समोर स्टुलावर बसून वेळ टिपत होता. मग मशीनने कपडे पिळायला घेतले आणि ते चालू लागलं. चालू लागलं म्हणजे खरोखरच जागेवरून निघालं. आधी थरथरलं, मग एक खांदा उडवला आणि धडधडत भिंतीपासून वेंडेलच्या दिशेने यायला लागलं. वेंडेलने दोन्ही हातांनी त्याला अडवायचा प्रयत्न केला. बर्फात रुतलेले ट्रक त्याने ढकलले होते, पण ते निदान त्याच्या अंगावर येत नव्हते. शेवटी पाणी बाहेर सोडणारी नळी सुटली आणि वेंडेल घोट्यापर्यंत साबणाच्या पाण्यात उभा राहिला.

आवाज ऐकून शेजारचा डुएन फिस्क आला. डुएन पूर्वी अग्निशामक दलात होता, त्यामुळे न विचारता दुसऱ्याच्या घरात शिरायची त्याला सवय होती. त्याने मशीनभोवती एक चक्कर मारली, एक लाथ मारून पाहिली आणि मशीनचा एक पाय आखूड आहे, ते समपातळीत नाही, असा निकाल दिला.

हे वेंडेलला लागलं. समपातळी हा त्याचा धंदा होता. दुसरं कुणी काहीही म्हणालं असतं तरी चाललं असतं, पण त्याच्याच घरातली वस्तू कलती आहे हे डुएन फिस्कने सांगावं? त्याने गॅरेजमधून दुर्बीण आणि तिपाई आणली, तळघरात मांडली आणि दोन तास खपून मशीनचे चारही पाय केसभरही फरक राहणार नाही इतके एका पातळीत आणले. मग पुन्हा कपडे भरले. मशीन पुन्हा चाललं. पण या वेळी अगदी सरळ रेषेत चाललं.

संध्याकाळी नॉरीनने कोट काढता काढता सगळं ऐकून घेतलं. “रगाबरोबर दोन टॉवेल टाकायचे असतात,” ती म्हणाली. “तो एकटा असला की एका बाजूला जाऊन बसतो.” आणखी काही न बोलता ती बटाटे सोलायला लागली. तिने आणखी काही बोलायला हवं होतं असं वेंडेलला राहून राहून वाटलं.

दुसऱ्या बाजूच्या घरात हॅवलिचेकबाई राहायच्या. वय एक्क्याऐंशी. त्यांच्या कानावर ही गोष्ट दुसऱ्याच दिवशी गेली आणि त्या काठी टेकत आल्या. विकतची साबणाची पावडर ही निव्वळ लूट आहे, असं त्यांनी दारातच सांगितलं. साबणाच्या वड्या आणायच्या, किसायच्या, त्यात धुण्याचा सोडा मिसळायचा आणि पांढऱ्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात नीळ घालायची. किती घालायची ते त्यांनी दोनदा बजावून सांगितलं. वेंडेलने वहीत ‘नीळ – दोन’ असं लिहिलं. दोन काय, ते लिहिलं नाही.

साबण किसायला त्याने घरात होती ती किसणी वापरली. ती चीजचीही होती. शनिवारी मॅकरोनीला जो फेस आला त्याबद्दल नॉरीनने एवढंच विचारलं, की हे नीट पद्धतीत धरायचं का. निळीची गोष्ट त्याहून नाजूक होती. दोन थेंबांच्या जागी दोन झाकणं पडली, आणि नॉरीनचे कामावर घालायचे तिन्ही पांढरे अंगरखे ऐन मे महिन्यातल्या आभाळासारखे होऊन बाहेर आले. ती सोमवारी तसाच एक घालून गेली. दंतवैद्याला तो रंग इतका आवडला, की रोग्यांना बघून शांत वाटतं म्हणून त्याने सगळ्यांसाठी तसलेच कपडे मागवायचं ठरवलं. वेंडेल हे यश वहीत कुठल्या रकान्यात घालावं याचा विचार करत राहिला.

पण खरी चोरी ड्रायरमध्ये होती. आकडेच तसं सांगत होते. कपडे धुवायला जेवढी वीज लागते त्याच्या कितीतरी पट ते वाळवायला लागते, आणि ऊन तर परसात फुकट पडून होतं. वेंडेलने दोन खांब आणले, ओळंबा लावून रोवले आणि त्यांच्यामध्ये दोन दोऱ्या ताणल्या.

पहिल्या सकाळी कपडे दोरीवर गेले आणि वारा सुटला. वेंडेल हातातला शेवटचा चिमटा धरून तसाच उभा राहिला. चादरी फुगत होत्या, शर्ट एकमेकांना बाह्यांनी हाका मारत होते, ओल्या कापडाचा स्वच्छ वास येत होता. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आपण उभे आहोत ती जागा बरोबर आहे असं त्याला वाटलं. तो तासभर उभा होता. हा तास त्याने वहीत कपड्यांच्या नावावर लिहिला.

टॉवेल वाळले ते पत्र्यासारखे. अंग पुसताना छपराच्या कौलाने घासल्यासारखं वाटतं, असं नॉरीन म्हणाली. पण तेवढं चालायचं.

नवव्या दिवशी पत्र आलं. मेपल ग्लेन या त्यांच्या वस्तीच्या घरमालक संघाच्या नियमावलीतला नियम चौदा, पोटनियम क. त्यानुसार रस्त्यावरून किंवा शेजारच्या आवारातून दिसेल असं धुणं वाळत घालायला मनाई होती. निशाण चालत होतं. पक्ष्यांना दाणे ठेवायची घरटी चालत होती. प्लास्टिकचे फ्लेमिंगो दोनपर्यंत चालत होते. वेंडेलचा शर्ट चालत नव्हता. तक्रार कुणाची, ते पत्रात नव्हतं. वेंडेलने मनातल्या मनात डुएनचं नाव लिहून टाकलं आणि त्याच्याशी हवापाण्यापुरतं बोलायला सुरुवात केली.

संघाची बैठक पोहण्याच्या तलावाशेजारच्या खोलीत भरायची. अध्यक्ष ऑलनबर्गसाहेब पूर्वी विमा कंपनीत होते आणि कुठल्याही प्रश्नात न घडलेली पण घडू शकणारी गोष्ट आधी शोधायचे. वेंडेल तयारीनिशी गेला होता. त्याने रात्रंदिवस नव्हे, पण चांगले तीन दिवस खपून परसाचा नकाशा काढला होता. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाचा डोळा जमिनीपासून किती उंच असतो, त्या डोळ्यापासून कुंपणाच्या माथ्यावरून रेषा काढली तर ती दोरीच्या किती वरून जाते, हे सगळं त्यात तीन रंगांत होतं. सार असं, की धुणं रस्त्यावरून दिसणं भूमितीला मान्य नव्हतं.

ऑलनबर्गसाहेबांनी नकाशा बराच वेळ पाहिला आणि विचारलं, की पार्सल घेऊन येणाऱ्या गाडीच्या चालकाचं काय? तो उंच बसतो.

चालकाचा डोळा वेंडेलने धरला नव्हता. छत्तीस वर्षांत त्याच्या नकाशात कुणी एवढी चूक काढली नव्हती. त्याचे कान लाल झाले. मग गवत कापायच्या गाडीवर बसलेला माणूस, खांद्यावर बसलेलं मूल आणि डुएनच्या गच्चीवर खुर्चीवर उभी राहून बल्ब बदलणारी व्यक्ती, असे एकेक डोळे पुढे आले. शेवटी समितीने गुरुवारी सव्वापाच वाजता जागेवर येऊन पाहणी करायचं ठरवलं.

गुरुवारी समिती आली. तिघे होते. ऑलनबर्गसाहेब चालकाच्या उंचीसाठी घरून आणलेल्या लहान शिडीवर चढले, दुसऱ्याने फीत धरली, तिसरा लिहू लागला. पाहणी खरी व्हावी म्हणून वेंडेलने दोरी मुद्दाम नेहमीसारखी भरली होती. चादरी, शर्ट, मोजे, आणि मधोमध नॉरीनचा झोपायचा गाऊन. विटलेला गुलाबी, एका कोपरावर ठिगळ लावलेला. ऑलनबर्गसाहेबांनी शिडीवरून त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, की हा कपडा आतला धरायचा की बाहेरचा? नोंदीसाठी हवं होतं.

प्रश्न रास्त होता आणि वेंडेल त्यावर मनापासून विचार करायला लागला. हा घालून माणूस दारापर्यंत जातो, पण फाटकापर्यंत जात नाही, असं काहीसं तो सांगत होता. तेवढ्यात त्याला दिसलं, की तिसऱ्या गृहस्थाने लिहिणं थांबवलं आहे.

परसाच्या दाराशी नॉरीन उभी होती. खांद्याला पिशवी, हातात गाडीच्या किल्ल्या. तिघांनीही तिला शुभसंध्या म्हटलं. तीही त्यांना म्हणाली. मग ती गवतातून चालत आली, गाऊनचे दोन चिमटे काढले, तो हातावर टाकला आणि घरात गेली. ऑलनबर्गसाहेब शिडीवरून खाली उतरले. आपल्याला पुरेसं दिसलं, असं ते हळू आवाजात म्हणाले.

वेंडेल आत गेला तेव्हा ती स्वयंपाकघरात नव्हती, झोपायच्या खोलीतही नव्हती. ती तळघरात सापडली. बंद मशीनसमोरच्या स्टुलावर, अंगातला कोटही न काढता बसली होती. वेंडेल शेवटच्या पायरीवर थांबला. गाऊनचं आपण आधी लक्षात घ्यायला हवं होतं, असं तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

“गाऊनचं काही नाही रे,” नॉरीन म्हणाली. “वेंडेल, तुला खरंच वाटलं का, की इतक्या वर्षांत मला मशीन भरायचं कळलं नसेल?”

वेंडेलला तसंच वाटलं होतं.

“एका फेरीत उरकलं असतं तर लगेच वर यावं लागलं असतं. वर तू होतास, मुलं होती. सात वर्षं तुझी आई होती. इथे कुणी यायचं नाही. धुणं चाललंय म्हटलं की कुणीच आपणहून खाली येत नाही. मी रेडिओ लावायचे. कधी वाचायचे, कधी नुसती बसायचे.”

“मग सांगायचं ना मला.”

“काय सांगू? की मला तुमच्यापासून तासभर लांब बसायचंय? तुला लागलं असतं ते. धुणं आहे म्हटलं की कुणाला काही लागत नाही.”

वेंडेल पायरीवर बसला. गेल्या तीन रविवारी नॉरीन वर बैठकीच्या खोलीत होती आणि तो तिच्यासमोर बसून किती पाणी वाचलं ते तिला वाचून दाखवत होता, हे त्याला आठवलं. ती ऐकत होती. मध्ये मध्ये ‘असं का?’ म्हणत होती. किती मिनिटं वाचली हे त्याने चोख लिहून ठेवलं होतं. कुणाची वाचली, हे लिहायला रकानाच नव्हता. आणि आयुष्यभर जिच्याशेजारी झोपलो तिला एक तास हवा असेल तर तो मळक्या टॉवेलांच्या आडून घ्यावा लागला, ही गोष्ट त्याला कुठल्याही दुर्बिणीतून कधी दिसली नव्हती.

तो म्हणाला, “धुणं तू परत घे.”

नॉरीन हसली. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदाच. “अजिबात नको,” ती म्हणाली. “धुणं तुझंच. तू आता बरं करतोस. मला फक्त तास हवाय.”

पुढच्या बुधवारी संघाचा निकाल आला. दोरीला परवानगी मिळाली, मंगळवारी आणि गुरुवारी, सकाळी दहा ते दुपारी चार. आतले कपडे आतल्या दोरीवर, बाहेरच्या दोरीवर चादरी. झोपण्याच्या कपड्यांचा प्रश्न पुढच्या बैठकीसाठी राखून ठेवला होता. त्याच दुपारी हॅवलिचेकबाई कुंपणाशी आल्या आणि तक्रार मीच केली होती, असं त्यांनी काही न लपवता सांगून टाकलं. धुण्याला त्यांची हरकत नव्हती. वेंडेल शर्ट खांद्याला चिमटे लावून टांगायचा, ते त्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघवत नव्हतं. शर्ट खालच्या टोकाला चिमटे लावून उलटा टांगायचा असतो.

“मग मला सांगायचं होतं,” वेंडेल म्हणाला.

“माझं न ऐकता तू डुएनला विचारायला गेला असतास,” बाई म्हणाल्या. हे खरं होतं. त्या संध्याकाळी वेंडेल डुएनकडे जाऊन मनावर न घ्यायला सांगून आला. डुएनने काही मनावर घेतलंच नव्हतं. आपल्याशी कुणी फक्त हवापाण्यावर बोलतंय, हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

मग रविवार आला. न्याहारी झाल्यावर नॉरीनने टोपली उचलली आणि ती तळघराकडे निघाली. टोपलीत चार टॉवेल होते. वेंडेलने ते शुक्रवारी स्वतः घडी करून ठेवले होते. ते स्वच्छ होते. स्वच्छ टॉवेल, तेही चारच, तेही गरम पाण्यात. वेंडेलच्या तोंडापर्यंत वाक्य आलं. त्याने कॉफीचा घोट घेतला आणि ते वाक्य कॉफीबरोबर गिळून टाकलं. तळघराचं दार लागलं. थोड्या वेळाने मशीनमध्ये पाणी पडायला लागलं, आणि त्याच्या आडून रेडिओ.

वेंडेल परसाच्या पायरीवर जाऊन बसला. पहिल्या दहा मिनिटांत तो दोनदा उठला. एकदा खांब ओळंब्यात आहेत का ते बघायला, आणि ते होते. एकदा नुसताच. रविवार असल्याने दोऱ्या रिकाम्या होत्या. आपल्याला असा तास कधी लागला नाही, असं त्याला आधी वाटलं. मग वाटलं, की छत्तीस वर्षं रस्त्याच्या कडेला दुर्बिणीमागे एक डोळा मिटून आपण एकटेच तर उभे असायचो. लोक गाड्यांतून जायचे आणि कुणी मध्ये बोलायचं नाही. आपल्याला तो तास रोज मिळत होता, वर पगारही मिळत होता. त्याला काम म्हणायची पद्धत होती, एवढंच.

कुंपणावरून डुएनचं डोकं वर आलं. गच्चीचा कठडा जरा वाकडा वाटतोय, दुर्बीण घेऊन येतोस का, असं त्याने विचारलं. महिन्यापूर्वी वेंडेल धावत गेला असता.

“आत्ता नको,” तो म्हणाला. “मी कामात आहे.”

डुएनने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि डोकं खाली घेतलं.

तासाभराने मागचं दार उघडलं. नॉरीन येऊन त्याच्याशेजारी पायरीवर बसली. तिच्या हातांना गरम टॉवेलांचा वास येत होता.

“काय केलंस एवढा वेळ?” तिने विचारलं.

“काहीच नाही.”

नॉरीनने मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. “जमायला लागलंय तुला,” ती म्हणाली.